आता बोलायचं तरी काय बे? शब्दांच्या भांडणावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नवी पेठेजवळ एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर, मंडळाच्या पावत्या, असलं सगळं. म्हणजे दिवसभर माझं काम काय, तर दुसऱ्याच्या नावापुढं काय लावायचं आणि काय लावायचं नाही ते टाइप करायचं. प्रूफ बघायला आलेली मंडळी स्टुलावर बसली की हमखास हाच विषय काढतात, "आजकाल काही बोलायची सोयच राहिली नाही हो." तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की म्हटलं एकदाच लिहून काढावं. मी भाषेचा प्रोफेसर नाही, वकील तर अजिबात नाही, तेवढं धरून वाचा.

हे पोलिटिकल करेक्टनेस, पीसी पीसी म्हणतात ते नेमकं काय असतं?

कुणाला लागेल, कुणाची लायकी काढल्यासारखं होईल असे शब्द टाळायचे, आणि दुसऱ्यानं वापरले तर त्याला टोकायचं. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल फारसं कुणाचं काही म्हणणं नसतं, भांडण सगळं दुसऱ्या अर्ध्यावर आहे, म्हणजे टोकायचं कुणी, कुठं आणि किती.

शब्द अमेरिकेतला. गंमत अशी की सत्तरच्या दशकात तिथले डावे लोकच एकमेकांची फिरकी घ्यायला तो वापरायचे, आपल्यातलाच एखादा जास्तच सोवळं पाळायला लागला की त्याला चिडवायला. १९९० च्या आसपास उजव्या बाजूनं तो उचलला आणि टोला म्हणून वापरायला सुरुवात केली. मे १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ह्याच्यावर बोलले, मोकळ्या बोलण्याला ह्यामुळं धोका आहे अशा अर्थाचं, आणि तिथून तो घरोघर गेला. "मी पीसी आहे" असं छाती फुगवून सांगणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, हा शब्द कायम दुसऱ्यालाच लावतात.

म्हणजे हे अमेरिकेचं फॅड. आपल्याकडं कुठं होतं असलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला हसू पण ह्यालाच येतं, कारण विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा लग्नपत्रिकेचं प्रूफ असतं आणि तो लाल पेनानं त्याच्यात दुरुस्त्या करत असतो.

बघा ना. माणूस वारला, एवढीच गोष्ट. आता त्याच्या नावापुढं काय लावायचं? बऱ्याच घरात "कै." चालतं. वारकरी घर असेल तर "वै.", वैकुंठवासी, आणि जिवंत असताना "ह.भ.प." राहिलं असेल तर ते पण पाहिजे. आपल्याकडं लिंगायत घरं भरपूर, तिथं "लिंगैक्य". बौद्ध घरात "कालकथित". मुसलमान गिऱ्हाईक मराठीत फ्लेक्स करायला आला तर "मरहूम" नाहीतर "पैगंबरवासी", ख्रिश्चन असेल तर "ख्रिस्तवासी", आणि देवधर्म न मानणाऱ्या मास्तरांचं असेल तर "स्मृतिशेष". बौद्ध लग्नाची पत्रिका असेल तर "मंगल परिणय", नावापुढं "आयु.", वर गणपती टाकायचा नाही. पूर्व भागातली पद्मशाली पत्रिका असेल तर तेलुगू बाजू वेगळी, मराठी वेगळी, आणि मामांची नावं वयाच्या क्रमानं. धाकटा मामा थोरल्याच्या वर छापला गेला तर काय होतं ते मी डोळ्यानं बघितलंय, तो मामा लग्नाला आला पण जेवला नाही.

ह्या सगळ्याला कुणी पीसी म्हणत नाही. रीत म्हणतात.

ही रीत मी कुठं शिकलो तर चूक करून. दुकान टाकल्याच्या पहिल्याच वर्षी एका बौद्ध कुटुंबाचा स्मृतिदिनाचा फ्लेक्स होता, सहा बाय चारचा. मी काय केलं, कोरलमधली जुनी फाइल उघडली, फोटो बदलला, नाव बदललं, तारीख बदलली आणि दिला मारून. "कै." तसंच राहिलं. रात्री साडेनऊला मुलगा आला, फ्लेक्सची गुंडाळी काखेत. मला वाटलं आता हा ओरडणार. तो हळू आवाजात म्हणाला, "आमचे बाबा कैलासाला नाही हो गेले, तो रस्ता त्यांनी छप्पन्न सालीच सोडलाय." छप्पन्न म्हणजे १९५६, नागपूरची धम्मदीक्षा, हे समजायला मला दोन सेकंद लागले. चोवीस स्क्वेअर फूट परत मारला, पैसे मागितले नाहीत, आयलेट मी स्वतः ठोकून दिले. त्यानं मला जातीयवादी म्हटलं नाही आणि मी पण "एवढं काय त्यात" म्हटलं नाही. आज विचार केला तर दोघांनाही ते म्हणता आलं असतं.

"हरिजन" तर गांधीजींनी प्रेमानं दिलेला शब्द होता, त्यात वाईट काय?

प्रेमानं दिला होता हे खरंच. नरसी मेहतांच्या भजनातनं तो आला असं गांधीजींनी सांगितलंय, १९३३ मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक पण काढलं. पण ज्यांना दिला त्यांना विचारलं होतं का हा प्रश्न राहतोच, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लगेच विचारला. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कायद्यात "हरिजन" शब्द घालायचं ठरलं तेव्हा बाबासाहेबांनी आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी विरोध करून सभात्याग केला. देवाची लेकरं म्हणायचं आणि पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, असल्या गोड शब्दाचं काय करायचं?

बाबासाहेबांनी स्वतः १९२७ ला पाक्षिक काढलं त्याचं नाव "बहिष्कृत भारत". म्हणजे शब्द कडू आहे, पण कुणी कुणाला बाहेर काढलंय ते त्यात दिसतं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा "दलित" हा शब्द त्यांनी असाच छातीवर लावून घेतला. दळलेला, दडपलेला. कुणी कौतुकानं दिलेला नव्हे.

पुढची गंमत ऐका. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं खाजगी टीव्ही चॅनेलांना सांगितलं की "दलित" वापरू नका, "अनुसूचित जाती" म्हणा. त्याला कोर्टाच्या निर्देशाचा आधार होता. त्यावर नाराज कोण झालं, तर अनेक दलित कार्यकर्तेच, की आमचा शब्द तुम्ही का काढून घेताय. म्हणून माझ्या मते "कुठला शब्द बरोबर" ह्याच्यापेक्षा "ठरवलं कुणी" हे आधी बघावं. आणि एका घरातले तिघं तीन वेगळे शब्द सांगतात असं पण होतं, आजोबा एक, मुलगा एक, नातू तिसराच, तेव्हा मी ज्याच्या नावानं बिल आहे त्याचं ऐकतो.

अपंग म्हणायचं की दिव्यांग?

सरकारी कागदावर आता "दिव्यांग". पंतप्रधान मोदींनी डिसेंबर २०१५ च्या "मन की बात" मध्ये हा शब्द वापरा म्हणून सुचवलं आणि मग ऑफिसांच्या पाट्या, फॉर्म, सर्टिफिकेटं सगळीकडं तो आला. महाराष्ट्रात तर वेगळा दिव्यांग कल्याण विभागच झाला. पण अपंगत्व असणाऱ्यांच्या काही संघटनांनी तेव्हाच सांगितलं होतं की आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला हक्क द्या. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं पण ह्या शब्दाबद्दल नापसंती दाखवली. दुसऱ्या बाजूला, हा शब्द आवडणारे पण मला भेटलेत, एक आई म्हणाली की शाळेत पोराला "लंगड्या" म्हणायचे त्याच्यापेक्षा हे लाखपट बरं, आणि तिला मी काय उलट सांगणार.

माझ्या दुकानाचं सांगतो. एक गिऱ्हाईक कुबड्यांवर यायचे, त्यांच्या संघटनेचं निवेदन टाइप करायला. मी आपलं हुशारी करून सगळीकडं "दिव्यांग बांधव" टाकलं, अपंग कुठंच ठेवलं नाही. ते दारातनं वाचत होते. दारातनं कारण माझ्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत, आणि कठडा नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "शब्द चांगलाय साहेब, पण मी आत कधी येऊ?"

अकरा वर्षं मी त्या पायऱ्या चढत होतो आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. आता एक लाकडी फळी करून घेतलीय, सुताराकडनं, पावसात घसरते म्हणून तिच्यावर चटई ठोकलीय. कायदेशीर रॅम्प तो नाही, बोळ अरुंद आहे, पण ते आता आत येऊन पंख्याखाली बसतात. त्यांच्या निवेदनात पुढं आम्ही "अपंग" ठेवलं की "दिव्यांग" ते मला आता आठवत पण नाही.

जाता जाता, २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. कुठला शब्द वापरायचा ह्यावर चॅनेलवर तासभर चर्चा चालते, ह्या चौदा नव्या प्रकारांबद्दल कुणी विचारायला येत नाही.

मग शब्द बदलून काय उपयोग? माणूस तर तोच राहतो.

हा खरा दमदार आक्षेप आहे आणि ह्याचं उत्तर आपल्या सोलापुरातच आहे. सेटलमेंट कुणाला माहीत नाही? रिक्षावाल्याला नुसतं "सेटलमेंट" म्हटलं की नेतो. पण तिथं राहणाऱ्या पोरांना सोडलं तर ते नाव कशावरनं पडलं हे सांगणारी माणसं कमी.

इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, अशा कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार! सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत, तीच ही सेटलमेंट, रोज हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी, आणि इथल्या गिरण्यांना त्यातनंच मजूर मिळायचे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, "गुन्हेगार जमाती"च्या जागी "विमुक्त जाती" हा शब्द आला. किती सुंदर शब्द, विमुक्त. पण लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वह्यात नावं बरीचशी तीच राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत ह्या जमातींबद्दलचे असले उल्लेख इतके टिकले की ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला ते काढून टाकायला सांगावं लागलं. म्हणजे बहात्तर वर्षं.

स्टीव्हन पिंकर म्हणून भाषेचे अभ्यासक आहेत, त्यांनी १९९४ ला ह्याला ट्रेडमिलची उपमा दिली. जुना शब्द मळला की नवा आणतात, लोकांची नजर तीच असली की नवा पण मळतो, की मग अजून नवा. पट्टा फिरतोय, माणूस तिथंच.

आता तुम्ही म्हणाल म्हणजे तुम्ही आमच्याच बाजूचे. थांबा की. सेटलमेंटमधला एक पोरगा माझ्याकडं रेझ्युमे करायला आला होता, पत्त्याच्या ओळीवर अडला, म्हणाला "सेटलमेंट" लिहू नका, नुसता पिनकोड आणि मागच्या रोडचं नाव टाका. म्हटलं का? तर म्हणाला, इंटरव्ह्यूला बोलावतच नाहीत. शब्दानं काही होत नाही म्हणणाऱ्यानं त्या पोराशेजारी पाच मिनिटं स्टुलावर बसावं. नवा शब्द आणून पोट भरत नाही पण जुना शब्द पोटावर पाय मात्र देतो, दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि म्हणून हे भांडण मिटत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं जातीवरनं पडलेली वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी ठेवायचा निर्णय घेतला तेव्हा मला तो पोरगा आठवला होता. पाटी बदलली तर निदान रेझ्युमेचं पाकीट उघडलं जातं.

हे शब्द लादायचं काम पुरोगामी लोकच करतात, बरोबर ना?

नाही हो. तुम्ही एकदा "शिवाजी" एवढंच छापून बघा.

आपल्या मराठीत तर "एकेरी उल्लेख" हा वेगळा गुन्हाच आहे, इंग्रजीत तो करताच येत नाही बिचाऱ्यांना. तू, तुम्ही, आपण, त्यात आख्खं घराणं बसतं. माझ्या हयातीत फ्लेक्स फाडायची वेळ जेवढ्यांदा आलीय त्यातली बहुतेक वेळा कारण हेच, महाराज राहिलं, छत्रपती राहिलं, पुण्यश्लोक राहिलं, नेत्याचं "मा." राहिलं. "मा. ना." च्या जागी नुसतं "मा." पडलं म्हणून एका कार्यकर्त्यानं मला रात्री बाराला फोन करून झोपेतनं उठवलंय, आणि हाच माणूस आठ दिवसांपूर्वी दुकानात बसून "लोकांच्या भावना आजकाल फारच नाजूक झाल्यात" म्हणत होता, आईशप्पथ.

कोल्हापूरचं विद्यापीठ १९६२ चं, नाव "शिवाजी विद्यापीठ". २०२५ मध्ये मोर्चा निघाला की पूर्ण नाव करा, छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ. विरोध करणारे पण महाराजांवर जीव टाकणारेच, त्यांचं म्हणणं, नाव लांबवलं की लोक आद्याक्षरं करतात आणि महाराजच गायब होतात. ह्याला पुरावा मुंबईत उभाय. व्हीटीचं १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ ला "महाराज" जोडलं, आणि आज सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधनं उतरणारा सोलापूरकर म्हणतो "सीएसएमटी आलं." आपल्या विद्यापीठाचं पण बघा, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. रिक्षात बसून एवढं कोण म्हणतं? बॅनरवर मात्र एक अक्षर सुटून चालत नाही.

शेजारचं धाराशिव घ्या. स्टँडवर दोन म्हातारे बसलेले असतात, एक उस्मानाबाद म्हणतो एक धाराशिव म्हणतो, दोघांना एकच गाडी पकडायची असते. पण कुणाच्या तोंडून कुठलं नाव येतंय ह्यावरनं आजूबाजूचे त्याचा पक्ष, जात, धर्म सगळं मनातल्या मनात लिहून मोकळे होतात. हे सामाजिक दडपण नाही तर दुसरं काय आहे? फक्त ह्याला आपण अस्मिता म्हणतो. मला अस्मितेचा राग नाही, मी पण महाराज जोडल्याशिवाय नाव घेत नाही. पण मग दुसऱ्यानं त्याच्या माणसांसाठी तसंच मागितलं की ते फॅड कसं?

शुद्ध मराठी बोलायला सांगणं हे पण ह्यातच येतं का?

यायलाच पाहिजे. आणि ह्यावर मी जरा तापट आहे.

आपल्या गावात सकाळी दूधवाल्याशी कानडी, शेजारणीशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दख्खनी आणि ऑफिसात मराठी असा दिवस जातो. त्यातनं जी मराठी तयार होते ती जगात कुठं मिळत नाही. "आलतो", "गेलतो", "काय करायलास बे", ही काय चुकीची भाषा आहे? पण पुण्यात इंटरव्ह्यूला पोरगं गेलं आणि "पानी" म्हणालं की समोरच्याच्या ओठाच्या कोपऱ्यात ते हसू येतं. "न" आणि "ण" वरनं आपल्याकडं माणसाची जात काढतात. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, एकूण अठरा. लिहिण्यासाठी आहेत ते, मला रोज उपयोगी पडतात. ते नियम काठीसारखे धरून लोकांच्या जिभेवर मारणारे आणि वर "पीसीवाल्यांनी बोलायचं स्वातंत्र्य घालवलं" म्हणून रडणारे एकच असतात तेव्हा माझं डोकं सटकतं.

सोलापुरी "बे" ही शिवी आहे का?

नाही बे.

बरं, नीट सांगतो. दोस्ताला, भावाला, चहावाल्याला चालतं. सासऱ्याला नाही. बाहेरगावच्या माणसाला पहिल्या भेटीत नको, त्याला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. आणि पोलिसाला तर मुळीच नाही. हे आपल्याला कुणी पुस्तकातनं शिकवलं नाही तरी सगळ्यांना बरोबर कळतं, मग "कुठं काय बोलायचं हे समजतच नाही" अशी तक्रार मला जरा ओढूनताणून आणलेली वाटते.

आई-बहिणीवरनं शिव्या दिल्या तर दंड लावणं योग्य आहे का?

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठरावच केला, आई-बहिणीवरनं शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. मला ह्यात आवडलं ते हे की ठराव गावानं स्वतःसाठी केला, वरनं आदेश आला म्हणून नाही, आणि रक्कम अशी की खिसा दुखेल पण माणूस आयुष्यातनं उठणार नाही. आवडलं नाही ते हे की एकदा ग्रामसभेला तोंडावर दंड लावायची सवय लागली की उद्या कुठल्या शब्दावर लागेल त्याचा नेम नाही. आपल्या पेठेत लावला तर मात्र रस्ते काँक्रीटचे होतील एवढं नक्की.

कायदा काय म्हणतो? बोललं की डायरेक्ट केस होते का?

सरसकट नाही. नुसतं कुणाला आवडलं नाही म्हणून गुन्हा होत नाही. राज्यघटनेच्या १९व्या कलमात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि त्यावर वाजवी बंधनं पण तिथंच आहेत. इंटरनेटवर त्रासदायक वाटलं म्हणून अटक करायचं ६६-अ कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ ला रद्द केलं.

पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत जातीवरनं शिवीगाळ केली तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. लोकांच्या देखत हे महत्त्वाचं, २०२० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं तेच धरलं, चार भिंतींच्या आत बाहेरचं कुणी हजर नसताना झालेलं बोलणं त्या कलमात बसत नाही असं. अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर २०१६ च्या कायद्याचं कलम ९२, सहा महिने ते पाच वर्षं. पुढचं वकिलाला विचारा.

ग्रुपवर चुकून काहीतरी बोललो, सगळे तुटून पडले. आता काय करू?

आधी स्क्रीनशॉट बघा शांतपणे. खरंच लागण्यासारखं असेल तर ज्याला लागलं त्याला फोन करा, ग्रुपवर चार ओळींचा माफीनामा टाकण्याआधी. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य तेवढं वापरू नका. ते मी इतक्यांदा टाइप केलंय की मला ते पाठ आहे आणि कुणाचंच समाधान झालेलं बघितलेलं नाही, दुखावल्यात म्हणून तर समोरचा आलाय ना.

आणि तुटून पडणाऱ्यांना पण एक सांगायचंय. माणसाला वाळीत टाकायची आपल्याला लई जुनी हौस आहे, जातपंचायती हेच करायच्या, पाणी बंद, लग्नाला बोलावणं बंद, मयताला खांदा नाही. त्याच्याविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराचा कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे, देशात असा वेगळा कायदा पहिल्यांदा आपण केला. आता एका शब्दावरनं माणसाच्या ऑफिसात फोन करायचे, त्याच्या बायकोच्या फोटोखाली जाऊन लिहायचं, हे करणारे कुठल्याही झेंड्याचे असू देत, मला त्यात पंचायतच दिसते. छप्पन्न सालाचं सांगणाऱ्या त्या मुलानं मला दुकानात येऊन एकट्याला सांगितलं, फ्लेक्सचा फोटो काढून फिरवला असता तर मी शब्द बदलला असता पण त्याच्या वडिलांबद्दल मला काही समजलं नसतं.

मग विनोद करायचाच नाही का?

करा की. स्वतःवर करा, आपल्यापेक्षा वरच्या माणसावर करा. खालच्यावर करायचा असेल तर तो समोर बसलेला असताना करून बघा, हसला तर चांगला आहे.

आमच्या आजीच्या नावापुढं काय लावू? घरात "गं. भा." वरनं भांडण चाललंय.

हे लग्नसराईत आठवड्याला एकदा येतं. सवाष्णीला "सौ.", नवरा गेला की "गं. भा.", गंगाभागीरथी. ऐकायला पवित्र आहे, पण पुरुषाची बायको गेली तर त्याच्या नावापुढं काय येतं? काही नाही, "श्री." कायम. बाईचं मात्र पत्रिकेवर जाहीर करायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, आणि शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. आणि वर्षभरात, एप्रिल २०२३ मध्ये, तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी "विधवा" शब्दाऐवजी "गंगा भागीरथी" वापरायचा प्रस्ताव तपासायला सांगितला. सन्मान म्हणून. महिला संघटनांनी विरोध केला तेव्हा ती फक्त चर्चेसाठीची सूचना होती असा खुलासा झाला.

मागच्या वैशाखात एका घरचे तिघं आले होते, काका म्हणत होते गं. भा. पाहिजेच, पुतणी म्हणत होती "श्रीमती" करा, तिसरा नुसता घड्याळ बघत होता. प्रूफ सातला द्यायचं होतं. मी म्हटलं आजी आहेत ना, मग आजींना फोन लावा. लावला, स्पीकरवर. आजींना ऐकायला कमी येत होतं, पुतणीनं ओरडून तीनदा विचारलं, "अव्वा, तुझ्या नावापुढं काय लिहायचं?"

तिकडनं बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाल्या, पुढं काय नको गं, मागं लिही, निवृत्त मुख्याध्यापिका, मनपा शाळा.

एवढं त्या ओळीत बसत नव्हतं. फॉन्ट दोन पॉइंटनं कमी केला.